‘ऑर्डर’ आणि तिचे मराठी पर्याय : एक आढावा

इंग्रजी भाषेतील जे शब्द गेल्या दीड-दोनशे वर्षांत मराठी माणसाच्या बोलण्यात पुरते मुरले, त्यांत ‘ऑर्डर’ या शब्दाचा क्रम फार वरचा लागेल. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात पक्षकार तिची वाट पाहत बसतो. सरकारी नोकराच्या घरी बदलीची म्हणून तिची धास्ती असते आणि बढतीची म्हणून तिची आस असते. लक्ष्मी रस्त्यावरील सराफाकडे लग्नाच्या दागिन्यांसाठी ती बरीच आधी द्यावी लागते. उपाहारगृहात ती टेबलाशी येऊन घेतली जाते. आणि दिवाळी जवळ आली की सदाशिव-नारायण पेठांतील घराघरांवर फराळाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील अशा पाट्या लागतात. मराठीने या परक्या शब्दाला नुसता थारा दिला असे नाही, तर ‘हुकूम’ आणि ‘आदेश’ हे दोन्ही पुल्लिंगी असताना याला स्त्रीलिंग देऊन, बोलण्यात ‘ऑर्डरी’ असे अनेकवचन करून आणि ‘ऑर्डरीप्रमाणे’ असे रूप चालवून त्याला आपल्या व्याकरणातही बसवून घेतले.

या एका शब्दाचे अर्थ किती, त्यांतील प्रत्येकासाठी मराठीपाशी काय होते, ते कोशकारांनी कसे टिपून ठेवले आणि त्यांपैकी आज काय चलनात उरले, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही चौकशी केवळ कोशकारांच्या आवडीची आहे असे कोणी समजू नये. ज्या समाजाला आज्ञा, हुकूम, ताकीद आणि सूचना यांतील भेद शब्दांत सांगता येतो, त्याला समोरच्याचा अधिकार कोणता, किती आणि कशाच्या बळावरचा, हेही नेमके विचारता येते. आणि ज्याच्या बोलण्यातून तो भेद पुसला जातो, त्याच्या हातून ही विचारण्याची शक्तीही हळूहळू निसटते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रामाणिक मत आहे.

इंग्रजीतील मूळ

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘ओर्डो’ म्हणजे रांग, ओळ, क्रमाने केलेली मांडणी. फ्रेंच भाषेतून तो तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा एका नियमाने बांधलेल्या धर्मसंघाला उद्देशून तो योजला जाई. ‘हुकूम’ हा अर्थ त्याला सोळाव्या शतकात आला, आणि माल किंवा पैसा देण्याविषयीची लेखी सूचना हा व्यापारी अर्थ त्याच्याही पुष्कळ नंतरचा. म्हणजे इंग्रजीत आधी रचना आली, मग ती रचना राखणाऱ्याचा अधिकार आला, आणि शेवटी त्या अधिकाराचा बाजारातील अवतार आला. एका खोडाला फुटलेल्या या फांद्या असल्यामुळे इंग्रजी वाचकाला त्यांच्यातील नाते न सांगता उमगते. मराठीत मात्र या प्रत्येक अर्थाचे शब्द निरनिराळ्या मुळांतून, निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या राजवटींत आलेले आहेत. त्यामुळे ‘ऑर्डर’ला एकच एक मराठी प्रतिशब्द शोधण्याचा प्रयत्न हा मुळातच निष्फळ ठरणारा आहे.

आज्ञा, हुकूम, आदेश

पहिला आणि सर्वांत गजबजलेला अर्थ अर्थातच आज्ञेचा. या क्षेत्रात मराठीची श्रीमंती डोळ्यांत भरण्याजोगी आहे : आज्ञा, आदेश, निदेश, अनुज्ञा हे संस्कृताचे धन, हुकूम, फर्मान, ताकीद, सनद, परवाना हे अरबी-फारशीचे देणे, आणि या दोहोंच्या तळाशी ‘सांगणे’ हे साधेसुधे देशी क्रियापद. आई मुलाला जे सांगते ते हुकूम नव्हे आणि आदेश तर नव्हेच. ते ‘सांगणे’ असते, आणि ते पाळणे म्हणजे मराठीत ‘ऐकणे’. हे मूल ऐकत नाही, या तक्रारीत कानांचा काहीही दोष अभिप्रेत नसतो. पुण्याच्या अमृततुल्य चहाच्या दुकानात आजही माणसे चहा ‘सांगतात’. म्हणजे ज्या व्यवहारासाठी ‘ऑर्डर देणे’ अपरिहार्य झाले असे आपण मानतो, त्यासाठी आपले क्रियापद अद्याप जिवंत आहे.

‘आज्ञा’ या शब्दाला वडीलकीचा आणि श्रद्धेचा गंध आहे. ती गुरूची, माता-पित्यांची, देवाची असते आणि ती पाळण्यात पाळणाराचे भूषण असते. म्हणूनच शाळेच्या अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ अशी सही करण्याची रीत पडली आणि जुन्या वळणाचा पाहुणा निरोप घेताना ‘आज्ञा असावी’ असे म्हणून उठू लागला. ‘हुकूम’ हा अरबी शब्द फारशीच्या वाटेने आला आणि त्याच्यामागे सत्तेचे बळ उभे राहिले. हुकूमत, हाकिम ही त्याची भावंडे. पत्त्यांच्या डावातील हुकमाचा रंग इतर सर्व रंगांवर चालतो; तसेच जे हमखास लागू पडते ते ‘हुकमी’ ठरले आणि वैद्याचे औषधही हुकमी होऊ शकले. ‘आदेश’ यातील ‘दिश्’ धातूचा अर्थ दाखवणे, निर्देश करणे असा आहे. उपदेश, संदेश, निर्देश हे त्याच धातूचे. संस्कृत व्याकरणात एका वर्णाच्या वा प्रत्ययाच्या जागी जो दुसरा येतो त्याला आदेश म्हणतात, आणि नाथपंथी योगी एकमेकांस भेटताना ‘आदेश’ असाच उच्चार करतात. सरकारी कागदावर हा शब्द सर्रास येऊ लागला तो मात्र अलीकडच्या काळात.

या शब्दांमधील खरा भेद त्यांच्या व्युत्पत्तीत जितका आहे त्याहून अधिक त्यांच्या सोबतीला येणाऱ्या क्रियापदांत आहे, आणि ही गोष्ट थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. आज्ञा करतात, हुकूम देतात किंवा सोडतात, आदेश काढतात, ताकीद देतात, फर्मान सोडतात, सनद करून देतात. पुढे आज्ञा पाळली जाते, हुकूम बजावला जातो किंवा त्याची तामिली होते, आदेशाची अंमलबजावणी होते. मानली नाही तर आज्ञा मोडली असे होते, हुकूम धुडकावला असे होते, आदेशाचा भंग झाला असे होते. काढणाऱ्यानेच परत घ्यावयाचे ठरवले, तर आदेश रद्द होतो, हुकूम मागे घेतला जातो आणि सनद जप्त होते. आज्ञेच्या बाबतीत मात्र असे क्रियापद सहसा आढळत नाही, कारण गुरुजनांची आज्ञा मागे घेतली जाण्याची कल्पनाच त्या शब्दात नाही. कोणत्याही कोशातील पर्यायांच्या नुसत्या यादीवरून हा सारा भेद कळणार नाही. तो क्रियापदासकट वाक्य ऐकले म्हणजे कळतो.

‘फर्मान’ हा बादशाही शब्द. ज्या फारशी क्रियापदापासून तो झाला त्याच क्रियापदाची दुसरी संतती म्हणजे ‘फर्मावणे’ आणि ‘फर्माईश’. आपण सांगून, मुद्दाम करवून घेतलेली वस्तू साहजिकच चांगली उतरणार, या अनुभवातून ‘फर्मास’ हे विशेषण उत्कृष्टतेचे वाचक झाले. आज फर्मास बेत, फर्मास भजी असे म्हणताना या शब्दाच्या पोटात एक ‘ऑर्डर’ दडलेली आहे याचे स्मरण कोणाला होत नाही, परंतु ती तेथे आहे खरी.

दफ्तरांतील आज्ञा

मराठी राज्याच्या कागदपत्रांत या शब्दांचा उपयोग किती काटेकोर होता, हे पुण्याच्या पेशवे दफ्तरातील आणि भारत इतिहास संशोधक मंडळातील संग्रहांवरून दिसते. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ निवडक खंड ज्यांनी चाळले असतील, त्यांना पत्र वाचताच लिहिणारा आणि घेणारा यांचे परस्परनाते कळून येते, कारण ते मायन्यात आणि शेवटात बांधलेलेच असते. छत्रपतींकडून कारकुनास जाणाऱ्या पत्रात ‘आज्ञा केली ऐसीजे’ असे येईल, बरोबरीच्या सरदाराने लिहिताना ‘विनंति उपरी’ असे येईल, कनिष्ठाचे पत्र ‘विज्ञापना’ म्हणून येईल. आज्ञापत्र, ताकीदपत्र, अभयपत्र, इनामपत्र, कौलनामा, सनद, रोखा असे कागदांचेच निरनिराळे प्रकार होते आणि प्रत्येकाचे कायदेशीर वजन वेगळे होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या राजनीतिपर ग्रंथाला ‘आज्ञापत्र’ हेच नाव मिळाले, ते याच परंपरेमुळे.

येथेच भाषेच्या संस्काराचा पहिला मोठा प्रयोगही झाला. शिवाजी महाराजांच्या काळी सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त राज्यकारभारातील फारशी-अरबी शब्दांना दहा वर्गांत संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. त्याचा परिणाम पत्रांच्या शेवटी दिसतो : जेथे पूर्वी ‘परवानगी हुजूर’ असे लिहीत, तेथे ‘निदेश समक्ष’ असे शब्द दिसू लागले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या वर्षांच्या कागदांची तुलना करून मराठी दफ्तरांतील फारशीचे प्रमाण शंभर वर्षांत किती झपाट्याने उतरले हे दाखवून दिले. तथापि ताकीद, सनद, हुकूम आणि बंदोबस्त हे शब्द त्या ओहोटीतही टिकून राहिले. ते मराठीच्या इतके अंगवळणी पडले होते की त्यांना परके म्हणण्याचे कारणच उरले नव्हते.

न्यायालय आणि कचेरी

आजच्या न्यायव्यवहारात या भेदांचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ‘हुकूमनामा’ आणि ‘आदेश’ यांच्या दोन स्वतंत्र व्याख्या दिल्या आहेत : दाव्यातील वादविषयांवर पक्षकारांचे हक्क निर्णायकपणे ठरवणारा तो हुकूमनामा, आणि दिवाणी न्यायालयाचा जो औपचारिक निर्णय हुकूमनामा नव्हे तो आदेश. हा भेद शाब्दिक नाही. हुकूमनाम्यावर सामान्यतः अपील चालते. आदेशांपैकी मात्र कायद्याने जे नेमून दिले आहेत तेवढ्यांवरच चालते. ज्या शेतकऱ्याच्या हाती न्यायालयाचा कागद पडला आणि ज्याला वकिलाने ‘ऑर्डर झाली’ एवढेच सांगितले, त्याला आपला पुढचा मार्ग खुला आहे की बंद, हे त्या एका शब्दावरून कळणे शक्य नाही. त्याच संहितेची पहिली अनुसूची ५१ ‘ऑर्डरीं’त विभागलेली आहे; तेथे या शब्दाचा अर्थ नियमांचा एकेक गट असा आहे. म्हणून वकिलांच्या बोलण्यात ‘ऑर्डर एकोणचाळीस’खाली मिळालेली ‘ऑर्डर’ असा प्रयोग ऐकू येतो, आणि एकाच वाक्यात एकच शब्द दोन अर्थांनी नांदतो.

सुदैवाने जुन्या कचेरीच्या मराठीने येथे स्वतःची सोय करून ठेवली आहे. जप्तीचा हुकूम, मनाई हुकूम हे शब्द अद्याप सर्वांच्या तोंडी आहेत. आणि दाव्याच्या अर्जांत ‘तूर्तातूर्त ताकीद’ व ‘निरंतर ताकीद’ अशी मागणी आजही लिहिली जाते. ‘तूर्तातूर्त’ या एका शब्दात जी तातडी आणि जी तात्पुरती मुदत एकवटली आहे, ती नव्याने घडवलेल्या कोणत्याही परिभाषेला सहज साधली नसती.

शासनाच्या कागदांची स्थिती थोडी निराळी आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले, पुढे १९६४चा राजभाषा अधिनियम झाला, आणि इंग्रजीतील कारभार मराठीत आणण्यासाठी पदनामांचे, शासनव्यवहाराचे, न्यायव्यवहाराचे असे परिभाषाकोश तयार झाले. या कामातून एक उपयुक्त श्रेणी सिद्ध झाली : धोरण ठरवणारा तो शासन निर्णय, राजपत्रात प्रसिद्ध होणारी ती अधिसूचना, असलेल्या नियमांचे स्पष्टीकरण वा स्मरण देणारे ते परिपत्रक, वरिष्ठाने कनिष्ठ अधिकाऱ्याला दिलेली दिशा तो निदेश, विधानमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला तो अध्यादेश, ज्याला आधीची पिढी वटहुकूम म्हणत असे, आणि विशिष्ट व्यक्तीला वा प्रकरणाला लागू असलेला तो आदेश. ‘निदेश’ हा शिवकालीन शब्द अशा रीतीने तीनशे वर्षांनी पुन्हा कारभारात आला, ही समाधानाची गोष्ट आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ अशी ओळ असते, आणि तिच्याखाली सही असते ती एखाद्या उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. सही कोणाची आणि आदेश कोणाचा, हे वेगळे सांगणारी ती ओळ म्हणजे जुन्या ‘निदेश समक्ष’चीच घटनात्मक वारसदार होय.

क्रम आणि सुव्यवस्था

आता या शब्दाच्या मूळ अर्थाकडे, म्हणजे रचनेकडे येऊ. क्रम, अनुक्रम, परंपरा, पाळी, ओळ, रांग, मांडणी हे सर्व शब्द येथे कामाला येतात आणि त्यांच्या सीमा बऱ्याच स्पष्ट आहेत : वेळेचा तो क्रम, माणसांची ती रांग, कामाची ती पाळी, वस्तूंची ती मांडणी. शब्दकोशातील वर्णानुक्रमाला जुन्या कारकुनी मराठीत ‘अकारविल्हे’ असा फार नेटका शब्द होता. ‘विल्हेस लावणे’ म्हणजे जागच्या जागी लावणे. आज ‘विल्हेवाट’ एवढीच त्याची आठवण उरली आहे आणि तीही मुख्यत्वे कचऱ्याच्या संदर्भात. ‘शिस्त’ हा शब्द फारशीचा. बंदुकीचा नेम असा त्याचा एक जुना अर्थ होता आणि नेम धरण्यास जो स्थिरपणा लागतो त्यावरून तो वर्तनातील नियमितपणाचा वाचक झाला असावा. ‘बंदोबस्त’ हाही फारशीच, बांधणे या अर्थाच्या दोन रूपांचा जोड. कायद्याच्या भाषेत ‘कायदा व सुव्यवस्था’ असा जोडशब्द रूढ झाला असला तरी सामान्य माणूस विचारतो ते बंदोबस्त कसा आहे, असेच.

या सर्व अर्थांचे एकत्र दर्शन घ्यावयाचे तर अनंत चतुर्दशीच्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर उभे राहावे. मिरवणुकीत कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे पाच मानाचे गणपती ठरलेल्या क्रमाने जातात. या क्रमाला नुसता अनुक्रम म्हणून भागत नाही, कारण त्याच्यामागे ‘मान’ आहे, आणि पहिला कोण व दुसरा कोण हे आकड्यांनी नव्हे तर परंपरेने ठरलेले आहे. रस्त्यांवर पोलिसांचा बंदोबस्त असतो; वाहनांना मज्जाव करणारे मनाई आदेश आधीच निघालेले असतात; ढोलपथकांत शिस्त असते आणि पथकप्रमुखाच्या एका इशाऱ्यावर शेकडो टिपरू एका क्षणी थांबतात. इंग्रजीत सांगावयाचे तर या सर्वच ठिकाणी ‘ऑर्डर’ची कोणती ना कोणती छटा येईल, मराठीत मात्र मान, क्रम, बंदोबस्त, मनाई आदेश, शिस्त आणि इशारा अशा सहा वेगळ्या गोष्टी घडताना दिसतात, आणि प्रत्येकीचा अधिकार वेगळ्या ठिकाणचा आहे : मानाचा परंपरेत, बंदोबस्ताचा पोलीस आयुक्तालयात, शिस्तीचा पथकाच्या अंतःकरणात.

सभागृहातील अर्थही याच कुळातला. महाराष्ट्र विधानसभेच्या दैनंदिन कार्यक्रमाला कामकाजाचा क्रम म्हणतात, आणि कामकाज नियमाबाहेर जात आहे असे वाटल्यास सदस्य जो मुद्दा काढतो तो ‘हरकतीचा मुद्दा’. अरबीतून आलेला ‘हरकत’ हा शब्द येथे इतका चपखल बसला आहे की इंग्रजी मूळ शब्दापेक्षा आशय अधिक उघड झाला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. यंत्राच्या बाबतीतला अर्थ मात्र थोडक्यात आटोपतो : चालत नाही ते नादुरुस्त, बिघडलेले, किंवा सरळ ‘बंद’.

मागणी आणि पैसा

बाजारातील अर्थाने या शब्दाचा सर्वांत अधिक प्रसार केला. पूर्वी मागणी नोंदवीत, माल मागवीत, सोनाराकडे वस्तू घडवायला टाकीत, आणि सौदा पक्का व्हावा म्हणून बयाणा किंवा इसारा देत. ही सर्व क्रियापदे ग्राहकाच्या कृतीचे निरनिराळे टप्पे दाखवीत होती : मागवणे म्हणजे तयार वस्तू आणवणे, घडवायला टाकणे म्हणजे नसलेली करवून घेणे. ‘ऑर्डर देणे’ या एका प्रयोगाने हे टप्पे एकत्र केले. सरकारी बांधकामात ‘कार्यादेश’ हा शब्द रूढ झाला असला तरी तो ठेकेदाराच्या फायलीबाहेर सहसा येत नाही.

पैशाच्या व्यवहारात मात्र मराठीची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. मराठेशाहीत सरकारी वसुलातून किंवा खजिन्यातून अमुक इसमास अमुक रक्कम द्यावी असा जो लेखी हुकूम निघे त्याला ‘वरात’ म्हणत. लग्नातील वरातीशी त्याचा संबंध नाही, तो अरबीतून आलेला स्वतंत्र शब्द आहे. सावकारी पेढ्यांवर हुंडी चाले आणि तिचे दर्शनी, मुदती, शहाजोग असे प्रकार होते. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केल्यावर मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याची कमाई कोकणातील आणि घाटावरील खेड्यांत पोस्टमनच्या हातून पोहोचू लागली. कित्येक गावांची चूल त्या कागदावर पेटत असे. म्हणून तो शब्द कोणी बदलू पाहिला नाही आणि बदलण्याची गरजही नव्हती. त्याउलट बँकेच्या चेकला ‘धनादेश’ हा नवा शब्द मिळाला आणि तो स्थिरावलाही. त्यात ‘आदेश’ आहेच, कारण खातेदाराने बँकेला दिलेली ती आज्ञाच असते.

उरलेले अर्थ शास्त्रांचे. प्राणी आणि वनस्पती यांच्या वर्गीकरणात वर्ग आणि कुल यांच्या मधल्या पायरीला मराठीत ‘गण’ म्हणतात आणि वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने तो शब्द सर्वत्र सातत्याने योजला आहे. धर्मसंघ या मूळ अर्थासाठी पंथ, संप्रदाय आणि संघ हे तीन शब्द आहेत, आणि महानुभाव पंथ, वारकरी संप्रदाय, भिक्खुसंघ अशी त्यांची वाटणी रूढीने ठरून गेलेली आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना मिळालेला के. सी. आय. ई. हा किताब हे अशाच एका ब्रिटिश ‘ऑर्डर’चे सदस्यत्व होते, तेथे मराठीने ‘किताब’ या शब्दावर समाधान मानले.

कोशकारांचे कार्य

ही सर्व संपत्ती नोंदवून ठेवण्याचे श्रेय ज्यांना आहे, त्यांतील पुष्कळांची कर्मभूमी पुणे ही होती. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी पुरा केला आणि तो १८४७ साली प्रसिद्ध झाला; हे कँडी विश्रामबागवाड्यात १८२१ साली निघालेल्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते. एकेका इंग्रजी शब्दाचे अर्थ वेगळे काढून प्रत्येकापुढे शास्त्र्यांनी पुरवलेले मराठी शब्द मांडण्याची त्यांची पद्धत पुढील सर्वांना पायाभूत झाली. वामन शिवराम आपटे यांनी १८८४ साली विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी-संस्कृत कोश सिद्ध केला. नीळकंठ बाबाजी रानडे यांचा विस्तृत इंग्रजी-मराठी कोश विसाव्या शतकाच्या आरंभी खंडशः निघाला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी सहकाऱ्यांसह १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग बाहेर काढले, १९५० साली पुरवणी जोडली, आणि याखेरीज वाक्संप्रदायांचा व शास्त्रीय परिभाषेचा असे स्वतंत्र कोशही दिले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९३१ साली निघालेला ‘सयाजीशासन शब्दकल्पतरू’ हा कारभाराच्या इंग्रजी शब्दांना अनेक भारतीय भाषांतील पर्याय एकत्र देणारा ग्रंथ होता.

या कार्याला वादांचीही जोड मिळाली आणि ती हितकारकच ठरली. सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार करून दिनांक, महापौर यांसारखे शब्द चलनात आणले. ‘फार्शी-मराठी कोश’ रचणारे माधव ज्यूलियन यांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून या चळवळीची साधकबाधक तपासणी केली. आज मागे वळून पाहता दोन्ही पक्षांचे यश कबूल करावे लागते : धनादेश आणि अधिसूचना स्थिर झाले, आणि ताकीद, हरकत व बंदोबस्तही कोठे गेले नाहीत. भाषेने शब्दाचे कूळ विचारले नाही. त्याचे काम स्वतंत्र आहे की नाही एवढेच पाहिले.

निष्कर्ष

या आढाव्यातून जे निघते ते असे. ‘ऑर्डर’ या शब्दाने मराठीचे फारसे नुकसान केलेले नाही. उपाहारगृहात, दुकानात, फराळाच्या पाटीवर तो खुशाल राहावा. नुकसान होते ते दोन बाजूंनी होणाऱ्या सपाटीकरणाने. एकीकडे बोलण्यात न्यायालयाचा हुकूमनामा, मनाई ताकीद, बदलीचा आदेश आणि साधी तोंडी सूचना या सर्वांना ‘ऑर्डर’ हे एकच नाव मिळते. दुसरीकडे शुद्ध मराठी लिहू पाहणारी कचेरी तिच्या जागी सर्वत्र ‘आदेश’ घालते आणि परिपत्रकाला, स्मरणपत्राला, प्रसंगी विनंतीलाही आदेशाचा दरारा प्राप्त करून देते. दोहोंचा परिणाम एकच : ज्याच्या हाती कागद पडला त्याला तो कोणत्या अधिकाराने निघाला, त्यावर दाद कोठे मागावी आणि तो न मानल्यास काय होईल, हे कळेनासे होते.

यावर उपाय फार अवघड नाहीत. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी हाती घेतलेल्या संस्कृत महाकोशात प्रत्येक अर्थ ग्रंथांतील अवतरणांसह आणि कालक्रमाने नोंदण्याची जी शिस्त आहे, तिचा निदान काही अंश इंग्रजी-मराठी कोशांत उतरावा. पर्यायांची रास न ओतता प्रत्येक पर्यायाबरोबर त्याचे क्रियापद आणि एक वाक्य द्यावे, म्हणजे आज्ञा पाळतात आणि हुकूम बजावतात हे नवशिक्यालाही समजेल. कचेऱ्यांनी प्रत्येक कागदाच्या माथ्यावर तो आदेश आहे, परिपत्रक आहे की केवळ सूचना आहे, हे स्पष्ट लिहावे आणि ज्यावर अपील आहे त्यावर ते कोठे व किती मुदतीत करावे हेही नमूद करावे. आणि वाचकांना एवढेच आग्रहाचे सांगणे आहे की यापुढे कोणी ‘वरून ऑर्डर आली आहे’ असे म्हटले, तर ती कोणाची, कोणत्या कायद्याखालची, आणि हुकूम आहे की सूचना, हे मराठीत विचारावे. त्यासाठी लागणारे सर्व शब्द आपल्या भाषेत तयार आहेत.